फी होईल ताई, आधी खाड्याचं बघा

या वेळचं पत्र जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, नाही छापत, गावही नाही सांगत. थोडक्यात असं की ताईंचं वय 34, जात ओबीसीत, बारावी आर्ट्स 2009 ला पास, मग चोपड्याला एफ.वाय.ला नाव टाकलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत लग्न झालं. मिस्टर केळी कटाईच्या टोळीत, ताई स्वतः वावरात, निंदायला वगैरे रोज 250, कापसाच्या दिवसात वेचणी किलोवर. बचत गटाचं रजिस्टर त्याच लिहितात. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. आता बी.ए. करायचंय. आणि एक ॲडमिशनवाला भेटलाय, तो म्हणतो 12 हजार द्या, तीन वर्षांची डिग्री एका वर्षात देतो, परीक्षेला यायचं काम नाही, ओरिजिनल कागद तेवढे जमा करा. गटातून 2 टक्क्यांनी कर्ज काढून त्याला देऊ का असं ताईंनी विचारलंय. शिवाय या वयात बरं दिसतं का, सासूबाई म्हणतात "आते शिकीसन काय करशी", आणि ता.क. मध्ये बी.ए. घेऊ की बी.कॉम.

ताई, पहिले त्या 12 हजारवाल्याचं. पैसे दिले नाहीत ना अजून? तुम्ही "बोलणी झाली" एवढंच लिहिलंय म्हणून मला धाकधूक वाटतेय. कागद दिले असतील तर उद्याच जाऊन परत आणा, एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघींना घेऊन जा, बायका चार दिसल्या की हे लोक लवकर कागद काढतात. तीन वर्षांची डिग्री एका वर्षात असं काही नसतं हो. आणि परीक्षेला न बसता जे मिळतं तो छापलेला कागद असतो, उद्या भरतीत कागदपत्र तपासणीला तो तुम्ही टेबलावर ठेवला की अडकणार तुम्ही, तो नाही, तो तोवर फ्लेक्स उतरवून दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. हे बहुतेक परराज्यातल्या कुठल्यातरी खाजगी विद्यापीठाचं नाव सांगतात. आता नियम असा आहे की खाजगी किंवा राज्य विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीने आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर शिकवता येत नाही आणि कुणाला फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला तर अजिबातच परवानगी नाही. म्हणजे तो जे विकतोय ते दुकानच मुळात बेकायदा.

त्याला पकडायचं असेल तर एकच विचारा, "भाऊ, माझी डीईबी आयडी मीच काढू ना?" 2024-25 पासून मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याने यूजीसीच्या साईटवर स्वतःची डीईबी (म्हणजे यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग) आयडी काढायची असते, त्याच्या आधी 12 आकडी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाच्या क्रेडिट खात्याचा नंबर, लागते, ती डिजिलॉकरवरून निघते, सगळं फुकट. कुठल्या विद्यापीठाच्या कोणत्या कोर्सला त्या वर्षी मान्यता आहे ते पण तिथेच दिसतं. त्याने "ते तुम्ही टेन्शन घेऊ नका ताई, ओटीपी सांगा फक्त" असं म्हणलं तर समजून घ्या.

आणि 2 टक्क्यांचा हिशोब तुम्हाला मी काय सांगू, रजिस्टर तुम्हीच लिहिता. 12 हजारावर महिन्याला 240 रुपये व्याज, म्हणजे दर महिन्याला एक दिवस वावरात राबायचं ते नुसतं व्याजासाठी, मुद्दल जागेवर. गटाचं कर्ज म्हैस घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला ठीक आहे, या कामाला नको.

आता खरं काम. बी.ए. कशासाठी करायचीय हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीये, एवढं मोठं पत्र लिहिलं आणि नेमकं तेच राहिलं. मी अंदाज करते की काहीतरी पक्कं काम हवंय, वावरातून सुटका हवीय आणि थोडं मनाचंही आहे, अर्धवट राहिलेलं पुरं करायचंय. तिन्ही कारणं चांगली आहेत पण तिन्हींचे रस्ते वेगळे. नुसतं पक्कं काम हवं असेल तर काही ठिकाणी तुमची बारावी आजच चालते आणि तिथे घड्याळ तुमच्या विरुद्ध पळतंय. अंगणवाडी सेविकेला आपल्याकडे आता बारावी पास लागतं, बाई त्याच गावची रहिवासी हवी, आणि वय 18 ते 35, विधवा असेल तर 40. तुम्ही 34 च्या. तुमच्या गावात सेविकेची किंवा मदतनीसची जागा निघाली तर डिग्रीची वाट बघत बसू नका, अर्ज ठोका. जागा आहे का, निघणार आहे का हे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारायचं, गावातल्या अंगणवाडीच्या ताईलाही बहुतेक माहीत असतं, ती रिटायर कधी होतेय हे तर तिलाच सगळ्यात जास्त माहीत असतं. उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, बँक सखी वगैरे कामं असतात, रजिस्टर लिहिणाऱ्या बाईचा तिथे हक्क आधी, तिकडेही विचारून ठेवा.

डिग्री लागते ती पुढच्या पायऱ्यांना. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एमपीएससीच्या परीक्षा, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, सगळीकडे पदवी मागतात. सरकारी भरतीत वयाची अट साधारण खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. तुम्ही ओबीसीत, नॉन क्रिमीलेअर काढून ठेवलं तर 43 धरा. या वर्षी नाव टाकलं आणि एकही वर्ष न सोडता तीन वर्षं गेली तर 37 ला डिग्री हातात, पुढे पाच-सहा वर्षं भरत्या देता येतात. मधे एक-दोन वर्षं गेली तरी चालेल, पाच वर्षं गेली तर मग नोकरीचं विसरायचं आणि मनासाठी शिकायचं. हे मी कडू बोलतेय पण कुणीतरी बोललंच पाहिजे. बी.एड. करून मास्तरीण व्हायचं डोक्यात असेल तर ते आत्ता बाजूला ठेवा, त्याला पदवीनंतर अजून दोन वर्षं पूर्ण वेळ, सीईटी, मग टीईटी, मग भरती, त्याचं त्या वेळी बघू.

तर कुठे नाव टाकायचं. चोपड्याच्या नेहमीच्या कॉलेजात परत जाणं तुम्हाला जमणार नाही, 75 टक्के हजेरी आणि सकाळच्या तासिका, त्याच वेळी टोळी वावरात जाते. म्हणून नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 1989 साली हे निघालंच मुळी अशा लोकांसाठी, पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि ब्रीदवाक्य "ज्ञानगंगा घरोघरी". इग्नू पण आहे, 1985 पासून, चांगली आहे, पण तिथे बी.ए. म्हणजे मुख्यतः हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि तुम्ही 15-16 वर्षांनी पुस्तक उघडताय तर ते मराठीत उघडा, उगाच दोन लढाया एकदम कशाला. मुक्तचं अभ्यासकेंद्र बहुतेक तालुक्यांत कुठल्या ना कुठल्या कॉलेजात असतंच, चोपड्यात कुठे ते विद्यापीठाच्या साईटवर बघा. प्रवेशाची जाहिरात साधारण जून-जुलैच्या आसपास निघते, मुदतवाढ मिळते पण तिच्या भरवशावर राहू नका. फी माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती पुस्तिका मोबाईलवर उतरवून घ्या आणि त्यातला आकडा त्या 12 हजाराशेजारी लिहा. एफ.वाय.चं ते अर्धं वर्ष तुमच्या कामी येणार नाही असंच धरा. आणि मुक्तची डिग्री खरी की खोटी ही जी कुजबुज चालते ना गावात, तर मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच, हे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा एकदा काढून सांगितलंय.

"पण मुलींना शिक्षण फुकट झालंय ना" असं तुम्ही मधेच लिहिलंय. जुलै 2024 चा तो निर्णय व्यावसायिक कोर्सचा आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून, नंबर लागलेल्या आणि घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आतल्या मुलींचा. मुक्तच्या बी.ए.ला तो लागू नाही. तुमच्या आठवीतल्या पोरीला लागू होईल, चार-पाच वर्षांनी, हाच नियम राहिला तर, म्हणून तिचे जातीचे, उत्पन्नाचे कागद आत्तापासून नीट ठेवा. तुमच्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली तर मिळाली, इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात आणि अभ्यासकेंद्रावर विचारा जरूर, पण ती येणार असं धरून बजेट करू नका, या बहुतेक योजना अठरा वर्षांच्या पोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, दोन लेकरांची मजूर बाई त्यांच्या फॉर्ममध्ये कुठे बसतच नाही.

आता मुद्द्यावर येते. सगळे फीचं विचारतात, खाड्याचं, म्हणजे बुडालेल्या रोजाचं, कोणी विचारत नाही. माझं तर म्हणणं आहे की मजुरी करणारा माणूस मधेच शिक्षण सोडतो ते फीमुळे कमी आणि खाड्यामुळे जास्त. फी एकदा भरली की संपली, खाडा वर्षभर पडत राहतो. मांडा बरं रजिस्टरच्या मागच्या पानावर. परीक्षेचे समजा सहा पेपर म्हणजे सहा दिवस. केंद्रावर शिकवायच्या ज्या संपर्क तासिका असतात त्यांना, सगळ्या नाही पण दहा दिवस तरी, जावं लागणार. कागदांसाठी तहसील, सेतू, कॉलेज, बोर्ड असे पाच हेलपाटे, कारण एका हेलपाट्यात कुठलंच काम होत नाही. झाले एकवीस दिवस, 250 ने 5250 रुपये, आणि हे मी निंदणीच्या रोजाने धरलंय. हिवाळी परीक्षा आली की नेमकी तेव्हा वेचणी सुरू असते, जेव्हा चांगली वेचणारी बाई वर्षातला सगळ्यात जास्त पैसा कमावते, तेव्हाचा एक दिवस 250 चा नसतो. आणि उन्हाळी परीक्षा आली की आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, 45 च्या पुढे पारा, दुपारच्या पेपरला एसटीने जायचं, आणि बागायती कापसाची लागवड तोंडावर. पुण्या-मुंबईत बसून वेळापत्रक बनवणाऱ्याला हे दिसत नाही, त्याचा काही दोष नाही, त्याने वेचणी पाहिलेली नसते.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की फीच्या आधी खाड्याचे पैसे जमवा. लाडक्या बहिणीचे 1500 तुमच्या खात्यावर येतात म्हणालात, आले की त्यातले 500 बाजूला टाका, पोस्टात टाका, गटातच जास्तीची बचत म्हणून टाका, घरातल्या डब्यात नको, डब्यातल्याला घरातले सगळे हात लागतात. बारा महिने आले तर 6 हजार होतात, एकवीस खाडे त्यात निघतात. ते पैसे बंद पडतील, लांबतील, केवायसीत अडकतील, हे सगळं धरूनच सांगतेय, म्हणून एखाद्या वेचणीच्या आठवड्याचे पैसे पण त्यात टाका. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून, तो एक खर्च निम्मा झालाय. आणि परीक्षेचं टाईमटेबल हातात पडलं की त्याच दिवशी मुकादमाला सांगून मोकळ्या व्हा, आयत्या वेळी सांगितलं की तो पुढच्या खेपेला टोळीत घेत नाही, आधी सांगितलं तर कुरकुरतो पण घेतो.

इथे मला खान्देशातल्या अभ्यासकेंद्र चालवणाऱ्या सर-मॅडमना दोन शब्द बोलायचेत, ताई तुम्ही पुढचा पॅरा सोडला तरी चालेल.

सर, तुमच्या संपर्क तासिका रविवारी असतात कारण "नोकरदारांना सोयीचं". बरोबर, पगारी नोकरदाराला सोयीचं. पण वावरातल्या मजुराला रविवार म्हणजे बाकीच्या वारांसारखाच एक वार, त्याची सुट्टी असते गावच्या बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी टोळी निघत नाही, हप्ता वाटला जातो, बायका तालुक्याला येतातच भाजीला, तेलाला. त्या दिवशी दुपारी दोन तास घेतले तर खाडाही नाही आणि वेगळं भाडंही नाही. सगळ्यांसाठी नका बदलू, एखादी तुकडी करून बघा की. 1990 च्या आधी आपल्या जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, सहीला, मार्कलिस्टला लोक पुण्याला जायचे, मग 15 ऑगस्ट 1990 ला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि ते अंतर मिटलं. आता जे अंतर राहिलंय ते वाराचं आहे, आणि ते मिटवायला कुठला कायदा करावा लागत नाही, नोटीस बोर्डावर एक कागद लावावा लागतो. आणि ज्या केंद्रांवर तासिकेला बोलावून नुसती सही घेऊन पाठवतात त्यांना काय म्हणायचं. बाई 250 रुपये सोडून आलेली असते हो. शिकवायचं नसेल तर सहीसाठी तरी बोलावू नका.

परत ताई. कागदांचं काम आत्ता सुरू करा, प्रवेशाच्या वेळी नाही, कारण तुमच्या केसमध्ये एक गाठ आहे जी लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक बाईला येते आणि बाप्यांना तिचा पत्ताच नसतो. तुमच्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. एबीसी आयडी आधारवरून निघणार, प्रवेश मार्कशीटवरून होणार, आणि दोन नावं जुळली नाहीत की खिडकीतला माणूस म्हणणार "मॅडम हे कोण". म्हणून लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या, जुन्या लग्नाचीही होते, उशिराचा थोडा दंड पडतो, साक्षीदार आणि लग्नपत्रिका किंवा फोटो शोधून ठेवा. तेवढ्याने न भागल्यास राजपत्रात नावबदल छापून घेता येतो, तो अर्ज ऑनलाईन असतो. अभ्यासकेंद्रावर आधी जाऊन विचारा त्यांना यातलं काय चालतं आणि जे सांगतील ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको, पुढच्या वेळी त्या खुर्चीवर दुसरा माणूस असतो. जातीचा दाखला मात्र माहेरचाच राहतो, वडलांच्या नावाचा, तो सासरच्या नावाने करून देतो असं कुणी सेतूवाला म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

दुसरी गाठ मोबाईल नंबरची. आधारला जो नंबर जोडलाय तो कुणाचा आहे ते बघा. कितीतरी घरांत बाईच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर असतो, किंवा कधीतरी फुकट मिळालेलं सिम, जे बंद होऊन पाच वर्षं झालीत. ओटीपी तिकडे जातो आणि बाई सेतूच्या बाकावर बसून राहते. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या, त्याला कागद लागत नाही, बोटं टेकवायची फक्त. बोटं मजुरीने झिजलेली असतील तर मशीन पटकन घेत नाही, सकाळी हात धुवून, तेल लावून पुसून जा, आणि नाहीच घेतलं तर डोळ्याचं स्कॅन करा म्हणून सांगा. तिसरं, तुमचं लिव्हिंग त्या चोपड्याच्या कॉलेजात पडलंय. तिथून टी.सी. काढून आणा, जुना रोल नंबर आठवत नसेल तरी वर्ष आणि माहेरचं नाव सांगितलं की जनरल रजिस्टरमध्ये सापडतं, क्लार्क उद्या या म्हणाला तर "किती वाजता" ते विचारून या. बारावीची मार्कशीट हरवली असली तर नाशिक विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत निघते, आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यांच्याकडेच येतात.

सासूबाईंचं. त्यांना उत्तर देऊ नका. "आते शिकीसन काय करशी" याला कुठलंही उत्तर दिलं तरी भांडणच होणार. त्यांची खरी काळजी बहुतेक ही असते की परीक्षेच्या दिवशी पोरांचं, म्हशीचं, चुलीचं कोण बघणार, आणि ते बघणार त्याच. तर तेवढंच बोला, सहा दिवस संध्याकाळी पाचपर्यंत घर सांभाळाल का म्हणून. कामाचं मागितलं की म्हाताऱ्या माणसाला आपली गरज आहे हे कळतं आणि मग गावात त्याच सांगत फिरतात की आमची सून पेपर द्यायला गेलीय. मिस्टरांबद्दल तुम्ही पत्रात चकार शब्द लिहिला नाहीये, ते हो म्हणालेत असं मी धरते. नसतील म्हणाले तर परत लिहा, त्यावर वेगळं बोलू.

आणि वय. 34 काही वय आहे का ताई. मुक्तच्या परीक्षेला एकदा हॉलमध्ये मागे वळून बघा, तुमच्याएवढ्या आणि तुमच्याहून मोठ्या बाया, होमगार्ड, एसटीचे कंडक्टर, कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे आपापल्या पेपरात बुडालेले असतात.

अभ्यासाचं म्हणाल तर वाचायची काळजी करू नका, वाचणं परत येतं. हात येत नाही. तीन तास सलग लिहायचं असतं. तुम्ही रजिस्टर लिहिता पण ते म्हणजे नाव, आकडा, सही, एका ओळीत संपतं. आज रात्री एक काम करा, पेपरातली कुठलीही बातमी घ्या, वाचा, बाजूला ठेवा आणि तीच बातमी न बघता तुमच्या शब्दांत पानभर लिहा. पान भरायच्या आत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागेल, अक्षर वाकडं व्हायला लागेल. त्याला उपाय रोजच्या एका पानाशिवाय दुसरा नाही. दोन महिन्यांनी तीन पानं करा, मग पाच. निंदून आलेल्या दिवशी हात लिहायला तयार होत नाही, त्या दिवशी नुसतं वाचा. माहितीपुस्तिका घेताना हेही विचारा की पुस्तकं छापील मिळणार की मोबाईलवर, मोबाईलवर असतील तर अभ्यासाचे धडे तेवढे झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, घरात फोन एकच आहे आणि तो संध्याकाळी पोरांकडे असतो हे मी न सांगताही ओळखते.

राहिलं ता.क. बी.ए. की बी.कॉम. रजिस्टर लिहिता म्हणून बी.कॉम.कडे मन ओढ घेतंय ते समजतं. पण गटाचं रजिस्टर आणि बी.कॉम.चं अकाउंट्स यात बराच फरक आहे, ताळेबंद, घसारा, कॉस्टिंग हे बारावी आर्ट्सवरून एकटीने, शिकवणीशिवाय, रात्री नऊनंतर कंदिलाच्या नाही तरी लोडशेडिंगच्या उजेडात शिकायचं म्हणजे पहिल्याच वर्षी दोन विषय राहायची शक्यता, आणि राहिलेल्या विषयाचा परत फॉर्म, परत फी, परत खाडा. भरतीच्या बहुतेक परीक्षांना पदवी कुठलीही चालते. त्यात इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यातलं तुम्हाला बी.ए.ला जे मिळेल ते तलाठी-एमपीएससीला थेट उपयोगी पडतं, एका अभ्यासात दोन कामं. हिशोबाची आवड आहे तर ती टॅलीच्या एखाद्या छोट्या कोर्सवर नंतर भागवा. बी.ए. घ्या, मराठी एक विषय ठेवा म्हणजे मार्कांना आधार होतो, आणि विषय निवडताना पुस्तिकेत हे नक्की बघा की तो विषय चोपड्याच्या केंद्रावर आहे का, नाहीतर प्रवेश चोपड्याला आणि तासिकेला जळगाव असं व्हायचं. टी.सी. आणि मोबाईल नंबर ही दोन कामं झाली की एक कार्ड टाका.